डिझाइन आणि बांधकाम एकाच फर्मकडे दिलं तर नेमका फायदा काय?

प्लॉट_३०बाय५०: नाशिकला एनए (बिगरशेती) प्लॉट आहे, तळमजला अधिक एक बांधायचंय. एक फर्म प्लॅन, आरसीसी (सळी-काँक्रीटचं) डिझाइन, मंजुरी आणि बांधकाम असं सगळं मटेरिअलसकट २,१५० रुपये चौरस फुटाने करून देते म्हणते. घरच्यांचं म्हणणं, आर्किटेक्ट वेगळा आणि ठेकेदार वेगळा ठेवा, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहतं. प्रत्यक्ष साइटवर फरक कुठे पडतो?

ओळंबा: सगळ्यात आधी कॉलममध्ये. आर्किटेक्ट ९ इंची भिंतीत ९ इंची कॉलम दाखवून मोकळा होतो. मग आरसीसीवाला आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी, म्हणजे १२ इंच धरतो. ते ३ इंच खोलीत येतात आणि कोपऱ्यातला वॉर्डरोब किंवा दाराची चौकट अडते. फुटिंग (कॉलमचा पाया) भरल्यावर हे लक्षात आलं तर कॉलम हलत नाही. दोघं एकाच ऑफिसात असतील तर सेंटर लाइन मारायच्या, म्हणजे जमिनीवर आखणी करायच्या आधीच मिटतं.

दुसरी जागा बाथरूम. कमोड नि नहाणी ट्रॅप कुठे, संक (बाथरूमचा स्लॅब खाली घेणं) किती, बीममधून पाइप जाणार का, हे सेंटरिंग (काँक्रीटचा साचा) चालू असतानाच ठरायला हवं. स्लीव्ह (पाइपसाठी काँक्रीटमध्ये आधीच सोडायची नळी) राहिली की प्लंबर नंतर कोअर कटर घेऊन बीमलाच भिडतो, आणि त्यात सळी कापली जाते. वेगवेगळी माणसं असली की एक म्हणतो "ड्रॉइंगमध्ये नव्हतं", दुसरा म्हणतो "विचारलंच नाही". एकाच फर्मला हे म्हणायची सोय नसते. माझ्या मते खरा फायदा हाच; पैसे वाचतील या आशेने जाऊ नका.

सळी_८मिमी: पण करणारा आणि तपासणारा एकच होतो, त्याचं काय? दर ठरलेला, म्हणजे वाचलेलं प्रत्येक किलो लोखंड फर्मच्या खिशात. स्लॅबची सळी ६ इंचाऐवजी ८ इंचावर बांधली की त्या दिशेचं पाव स्टील गेलं, आणि काँक्रीट पडल्यावर कुणाला दिसणार?

बाहेरचा स्ट्रक्चरल इंजिनिअर चार-पाच भेटींपुरता स्वतः नेमा: फुटिंगची जाळी, प्लिंथ (जोत्याचा) बीम आणि प्रत्येक स्लॅब, काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी. कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, फुटिंगला ५०, कॉलमला ४०, बीमला २५, स्लॅबला २० मिमी. सळीखाली फरशीचे तुकडे घातलेले दिसले तर काढायला लावा, कव्हर ब्लॉकच हवेत. काँक्रीटची ताकद तपासायला १५० मिमीचे क्यूब आपल्यासमोर भरून घ्या. ७ आणि २८ दिवसांची टेस्ट कुठल्या लॅबमध्ये करायची ते तुम्ही ठरवा. पीपीसी (फ्लाय ॲश मिसळलेलं) सिमेंट असेल तर स्लॅबवर आळी (पाणी अडवायला छोटे बांध) करून किमान १० दिवस पाणी.

ब्रास_हिशोब: २,१५० कशावर? स्लॅब एरियावर असेल तर बाल्कनी, जिना, पोर्च सगळं मोजलं जाणार. कंपाउंड, सेप्टिक टँक, जमिनीखालची टाकी, प्लिंथची मुरूम भरणी बहुतेक वेळा बाहेर असते. काळ्या मातीत कठीण मुरूम खोल लागला तर जादा खोदाईचा दर आधीच लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी धरलाय का तेही विचारा.

करार दोन करा. पहिला फक्त डिझाइनचा: ठरीव फी, कॅड फाइलसकट ड्रॉइंग तुमची. सगळी ड्रॉइंग हातात आल्यावर बाबवार अंदाजपत्रक मागा आणि मगच बांधकामाचा दुसरा करार. ड्रॉइंगआधी दरावर सही केली तर दरात बसेल तेवढंच डिझाइन मिळतं. दर पटला नाही तर तीच ड्रॉइंग घेऊन दुसऱ्या ठेकेदाराकडे जाता येतं.

प्लॉट_३०बाय५०: दोन करारांना फर्म तयार होईल असं वाटतंय. काम बिघडलं तर रेरात (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) जाता येतं का?

ब्रास_हिशोब: नाही, स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधताय, तिथे रेरा लागत नाही. ग्राहक आयोगात जाता येतं, पण तिथे करार आणि साइटचे तारखेसह फोटोच कामाला येतात. त्यापेक्षा ५ टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. गच्ची गळते की नाही ते तेव्हाच कळतं.