ग्रँड कॅनियनजवळ नॅशनल फॉरेस्टमध्ये फुकट तंबू टाकायचाय, सल्ला हवा

पायवाट

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन कुटुंबं मिळून ग्रँड कॅनियनला (साउथ रिम, म्हणजे दक्षिण कडा) जातोय. चार मोठे, दोन मुलं (८ आणि ११ वर्षं). फिनिक्स विमानतळावरून भाड्याची एसयूव्ही, दोन रात्री मुक्काम. पार्कातल्या मेदर कॅम्पग्राउंडची बुकिंग सहा महिने आधी सुटतात, ती कधीच संपलीत. पार्काबाहेरच्या तुसायन गावातल्या हॉटेलांचे दर बघून डोळे पांढरे झाले. पार्काला लागूनच कायबाब नॅशनल फॉरेस्ट आहे आणि तिथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग (कॅम्पग्राउंड सोडून मोकळ्या रानात तंबू टाकणं) फुकट चालतं असं कळलं. नळ-संडास असलेल्या कॅम्पग्राउंडची सवय आहे, काहीच नसलेल्या जागेची नाही. तर प्रश्न असे: 'कुठेही तंबू टाका' म्हणजे खरंच कुठेही का? पाणी किती न्यायचं? संडासचं काय (घरचा पहिला प्रश्न हाच)? शेकोटी चालते का? कुकर न्यावा का?

रानभूल

पार्क वेगळं, फॉरेस्ट वेगळं, हे आधी पक्कं करा. पार्काच्या हद्दीत ठरलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर, पार्किंगमध्ये किंवा गाडीत झोपणं चालत नाही. फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर चालतं. पैसे नाहीत, बुकिंग नाही, मुदत ३० दिवसांत १४ दिवस. पण 'कुठेही' नाही.

जागा ठरवतो तो एमव्हीयूएम, म्हणजे मोटर व्हेइकल यूज मॅप. प्रत्येक रेंजर डिस्ट्रिक्टचा (फॉरेस्टच्या विभागाचा) वेगळा असतो आणि फुकट मिळतो. तुम्हाला तुसायन डिस्ट्रिक्टचा हवा. दिसायला अगदी रुक्ष, काळा-पांढरा. डोंगर-झाडं काही नाही, नुसते रस्ते आणि त्यांचे नंबर. अव्हेंझा ॲपमध्ये फोनवर उतरवून घ्या, मग रेंज नसतानाही आपण नेमके कुठे आहोत ते त्यावर निळ्या ठिपक्याने दिसतं. हे घरून निघतानाच करायचं. हायवे सोडल्यावर रेंजचा भरवसा नाही.

त्या नकाशात तीन गोष्टी बघा. एक, तुमचा रस्ता त्यावर आहे का. जंगलात वाटेवर तपकिरी पट्टीचा नंबराचा खांब दिसला, चाकोऱ्या दिसल्या, पण नकाशात तो रस्ता नाही, तर तो गाडीसाठी बंद. दोन, रस्त्याच्या कडेने छोटे ठिपके आहेत का. असतील तिथे कॅम्पिंगसाठी रस्ता सोडून गाडी आत नेता येते, बहुधा ३०० फुटांपर्यंत. ठिपके नसतील तर गाडी रस्त्याच्या कडेलाच लावायची, साधारण ३० फुटांच्या आत किंवा गाडीच्या लांबीएवढं अंतर, आणि तंबू पायी नेऊन लावायचा. नेमका आकडा फॉरेस्टप्रमाणे बदलतो, तो त्याच नकाशावरच्या तक्त्यात छापलेला असतो. तीन, रस्त्याचे महिने. काही रस्ते ठरावीक तारखांनाच उघडे असतात.

रस्ता म्हणाल तर तुसायनहून पूर्वेकडे जाणारा फॉरेस्ट रोड ३०२. सगळ्यांना माहीत असल्यामुळे तोंडाजवळच्या जागा शुक्रवारी दुपारीच जातात. एक-दोन मैल आत जात राहा. आधी वापरलेली जागाच निवडा: माती दाबलेली, दगडांचं जुनं शेकोटीचं कडं, गाडी वळवायला जागा. नवीन गवत तुडवून नवी जागा करू नका.

दुपारी चारपर्यंत पोहोचा. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे सूर्य सहाच्या आतच बुडतो, आणि अंधारात खांबावरचे नंबर वाचत जागा शोधणं म्हणजे हमखास चुकीच्या रस्त्याला लागणं.

उंटावरचा_शहाणा

इतका खटाटोप कशाला? फुकट जागांची ॲप आहेत, लोकांनी पिना टाकून ठेवल्यात, फोटो आहेत. पिनवर जायचं, तंबू टाकायचा.

रानभूल

पिन म्हणजे कुणीतरी तिथे राहिलं एवढाच पुरावा. राहायला परवानगी होती, किंवा आज आहे, हे त्यातून कळत नाही. फ्लॅगस्टाफजवळ फ्रीडलाइन प्रेअरी रोडवर (फॉरेस्ट रोड ५२२) फक्त नंबर लावलेल्या जागीच राहता येतं. सेडोनाच्या पश्चिमेला पूर्वी कुठेही राहायचे, आता तिथेही ठरवून दिलेल्या जागाच. जुन्या पिना मात्र ॲपवर तशाच आहेत. ॲपवरून जागा हेरा, एमव्हीयूएमवर ताडून बघा, आणि निघायच्या आदल्या दिवशी रेंजर ऑफिसला फोन करा. फोनवर तीनच प्रश्न: रस्ता उघडा आणि कोरडा आहे का, आगीचे निर्बंध कोणते, आसपास प्रिस्क्राइब्ड बर्न चालू आहे का. शरद ऋतूत वनखातं मुद्दाम जाळ काढतं. दिवसा धूर वर जातो, रात्री थंड हवेबरोबर खोलगट जागी उतरून बसतो. कुणाला दमा असेल तर सखल जागा टाळाच.

चँडलरकर

वरच्याला अनुमोदन. गाडीबद्दल दोन शब्द.

भाड्याच्या गाडीच्या करारात बहुतेक वेळा कच्च्या रस्त्यावर न्यायची मनाई असते. म्हणजे तिथे काही झालं तर विमा हात वर करतो आणि ओढून आणायचा खर्च तुमच्या बोकांडी. करार वाचा. न्यायचीच ठरवलीत तर हायवेपासून जवळची, खडी टाकलेल्या रस्त्यावरची जागा घ्या. खोल चाकोऱ्यांचे फाटे सोडून द्या. 'एसयूव्ही' नावावर जाऊ नका, भाड्याने मिळते ती बहुधा पुढच्या दोन चाकांवर चालणारी, साध्या रोड टायरची असते.

खरा त्रास पावसाने होतो. इथली माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत होऊन नुसतं फिरतं. चारही चाकं चालवणारी गाडीसुद्धा उतारावर आडवी सरकते. रात्री पाऊस पडला तर सकाळी सहाला निघायची घाई नको. ऊन पडून वरचा थर सुकेपर्यंत थांबा, नाहीतर माती गोठलेली असतानाच पहाटे बाहेर पडा. अंदाजात दिवसभर पाऊस किंवा बर्फ असेल तर मुक्कामच रद्द. ऑक्टोबरात तिथे बर्फ पडू शकतो.

टाकी फ्लॅगस्टाफ किंवा विल्यम्सला भरा, तुसायनला पेट्रोल महाग.

फोडणी

स्वयंपाकाचं मी सांगते.

तुसायन साडेसहा हजार फुटांच्या वर आहे. तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी कणी राहते. कुकर न्याच. पाच लिटरचा पुरे. घरी तीन शिट्ट्या देत असाल तर तिथे चार-पाच द्या. रिंग आणि शिट्टी वेगळ्या पिशवीत, जास्तीची रिंग बरोबर. सगळ्यात सोयीची मुगाच्या डाळीची खिचडी: तांदूळ, डाळ, मीठ, हळद, गोडा मसाला घरीच एकत्र करून एकेका जेवणाची पिशवी बांधायची. सहा जणांना तीन वाट्या तांदूळ, दीड वाटी डाळ. बरोबर मेतकूट, लोणचं, भाजलेले पापड. सकाळी पोहे नकोत, भिजवणं-धुणं यात पाणी जातं. सांजा किंवा उपम्याचा रवा भाजून न्या.

शेगडी दोन बर्नरची प्रोपेनची घ्या. हिरव्या छोट्या सिलिंडरमध्ये ४६५ ग्रॅम गॅस असतो. दोन्ही बर्नर मोठ्या आचेवर ठेवले तर जेमतेम तासभर. दोन रात्रींना दोन पुरतात, तिसरं जवळ असू द्या. ब्यूटेनची चपटी शेगडी नेऊ नका. ब्यूटेन शून्य अंशाखाली वायू व्हायलाच तयार नसतो, म्हणजे पहाटेचा चहा बोंबलला. सिलिंडर विमानात चालत नाही, फिनिक्सला उतरल्यावर कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो. वाऱ्याला आडोसा म्हणून गाडी उभी करा, पण शेगडी तंबूत कधीच पेटवायची नाही, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भांडी घासायच्या आधी कागदाने पुसा. पाणी निम्मं लागतं. धुतलेलं पाणी गाळून, उरलेली शितं कचऱ्यात, आणि पाणी तंबूपासून लांब फवारून टाकायचं, एका जागी ओतायचं नाही. अन्न, कचरा, टूथपेस्ट सगळं रात्री गाडीत. तिथले कावळे (रेव्हन) चेन उघडतात, खरंच.

पायवाट

वा, भरपूर मिळालं. पाणी आणि 'तो' प्रश्न राहिला. आणि थंडी नेमकी किती?

रानभूल

पाणी: माणशी दिवसाला चार लिटर, पिणं आणि स्वयंपाक धरून. सहा जणांचे २४ लिटर, दोन दिवसांचे ४८. शेकोटी करणार असाल तर ती विझवायला २० लिटर वेगळे. सात गॅलनचे निळे कॅन मिळतात, पण भरलेला एक २६ किलोंवर जातो. त्यापेक्षा पाच गॅलनचे चार घ्या. पार्कात जाणारच आहात तर तिथल्या नळांवर रोज भरून आणता येतं. जंगलात मात्र नळ नाही, ओढा नाही. गुरांसाठी बांधलेली तळी दिसतील, ती पिण्याची नाहीत, आणि त्यांच्या काठाला तंबूही नको: ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणे जनावरांचं एकमेव पाणी अडेल असा तंबू त्याच्या पाव मैलाच्या आत टाकणं गुन्हा आहे. हरणं-एल्क माणसाच्या वासाने पाण्यावर येतच नाहीत.

संडास: दोन मार्ग. पहिला खड्डा. हातातलं पक्कं खुरपं घ्या, प्लास्टिकचं नको. इथे चुनखडकावर मातीचा थर पातळ आहे, प्लास्टिक मोडतं. सहा ते आठ इंच खोल, चार ते सहा इंच रुंद. पाणी, वाट आणि तंबूपासून २०० फूट, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ७० पावलं. खोदताना दगड लागला तर जागा बदला, उथळ खड्ड्यावर माती लोटून भागवू नका, जनावरं उकरतात. बाटलीने पाणी वापरलंत तर उत्तम, कागदाचा प्रश्नच मिटतो. कागद वापरलात तर झिपच्या पिशवीत परत न्यायचा. ओले वाइप कधीच पुरायचे नाहीत.

दुसरा मार्ग, मुलं आणि रात्रीची थंडी बघता तुम्हाला जास्त बरा: पाच गॅलनची बादली, तिच्यावर बसणारं झाकणवजा सीट, आणि आत घट्ट करणारी पूड असलेल्या पिशव्या. बांधलेली पिशवी नेहमीच्या कचऱ्यात टाकता येते. एकच अडचण, पूड ठरावीक ओलच शोषते. तांब्याभर पाणी त्यातच ओतलंत तर पिशवी डचमळते. पाणी वापरणाऱ्यांनी धुणं बाजूच्या छोट्या खड्ड्यावर उरकावं. आडोशाला उभा तंबू मिळतो. त्याला चारही बाजूंनी दोऱ्या ताणा, वाऱ्याने आधी तोच उडतो.

थंडी: साउथ रिमवर ऑक्टोबरात दिवसा साधारण १८ अंश, पहाटे २. ही सरासरी आहे, एखादी रात्र शून्याखाली जाणार हे धरूनच चला. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. कम्फर्टचा आकडा बघा, तो उणे ५ च्या आसपास हवा. आणि खालची गादी विसरू नका. हवा भरायचा जाड बेड थंडीत कुचकामी, आतली हवाच गार पडते. आर-व्हॅल्यू (जमिनीची थंडी अडवण्याचा आकडा) ४ किंवा जास्त असलेली पॅड घ्या, नाहीतर निदान हवेच्या बेडवर फोमची चटई अंथरा. तंबूच्या खुंट्या लोखंडी, खिळ्यासारख्या.

चँडलरकर

तंबू टाकायच्या आधी मान वर करून बघा. पाँडेरोसा पाइनची वाळलेली झाडं आणि अडकलेल्या फांद्या वाऱ्यात कोसळतात. कोरड्या ओहोळाच्या पात्रात तंबू नको. तो शिकारीचाही हंगाम आहे, मुलांना भडक केशरी जॅकेट घाला. वाटेत गुरांचं फाटक लागलं तर जसं असेल तसंच ठेवायचं, बंद असेल तर पार करून बंद. पार्कात एल्क अगदी रस्त्याकडेला येतात; १०० फूट लांब राहा, त्या दिवसांत नर माजावर असतात.

पायवाट

शेकोटीचं कुणी सांगेल का? मुलांचा जीव त्यातच अडकलाय.

रानभूल

निर्बंध नसतील तर चालते. निर्बंधांचे टप्पे असतात: स्टेज १ लागलं की डिस्पर्स्ड जागी शेकोटी बंद, स्टेज २ मध्ये कॅम्पग्राउंडवरही बंद. बटणाने विझणारी गॅसची शेगडी साधारणपणे दोन्ही टप्प्यांत चालते. कोळशाची शेगडीही शेकोटीतच धरतात. मोडलंत तर ५,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. ॲरिझोनात कडक निर्बंध बहुधा मॉन्सूनच्या आधी असतात, ऑक्टोबरात सुटलेले असण्याची शक्यता जास्त, तरी फोन कराच.

आधीच्या कड्यातच पेटवा, मनगटाएवढी जाड लाकडं, गुडघ्याच्या वर ज्वाळा नको. जमिनीवर पडलेलं वाळकं लाकूड चालतं, उभं झाड मेलेलं असलं तरी तोडायचं नाही. विझवायला झोपायच्या अर्धा तास आधी सुरुवात करा: पाणी ओता, फावड्याने ढवळा, परत ओता. मातीने झाकू नका, खाली निखारा तासन्‌तास धुमसत राहतो आणि वाऱ्याने वर येतो. शेवटी राखेत उघडा हात घालून बघायचा. हात ठेवता येत नसेल तर ती विझलेली नाही.

ईस्टकोस्टी

अवांतर: न्यू जर्सीत असं काही आहे का? आणि मंडळाची सहल न्यायची म्हटली तर?

रानभूल

न्यू जर्सीत नॅशनल फॉरेस्टच नाही. शेजारच्या राज्यातलं एक म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं ॲलेगनी. तिथे जलाशयाच्या काठालगत १,५०० फुटांत मोकळं कॅम्पिंग चालत नाही. व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टन अँड जेफरसन. पूर्वेकडे अस्वलं जास्त, तेव्हा अन्नाची व्यवस्था गाडीत किंवा अस्वलरोधक डब्यात.

मंडळाचं: ७५ किंवा जास्त माणसं असतील तर आधी ग्रुप परमिट काढावं लागतं, त्याला पैसे पडत नाहीत. त्याहून कमी असलात तरी चाळीस जणांना एकाच रानात उतरवू नका, एवढ्यांचे खड्डे कुठे करणार? मोठ्या टोळीसाठी सरळ ग्रुप कॅम्पग्राउंड बुक करा.