बाघ थर: चुनखडीवर पुन्हा वाळू आली म्हणजे समुद्र उतरला का?

गेरू
धार जिल्ह्यात मान नदीकाठी बाघ थरांचा (क्रेटेशियस काळातल्या समुद्री गाळाच्या खडकांचा) १:५० ने लॉग, म्हणजे तळापासून वरपर्यंत थरांची नोंद, घेतलाय. तळाला निमाड वालुकाश्म, त्याच्या वरच्या भागात ऑयस्टर. मग गाठाळ चुनखडी: चुन्याचा बारीक चिखल, अमोनाइट (गुंडाळीसारख्या शंखाचे नामशेष समुद्री जीव). त्यावर कोरलाइन चुनखडी, पण तिच्यात तिरपे थर, कवचांचा चुरा आणि वाळू. समुद्रपातळी आधी चढली, मग उतरली, असं रिपोर्टात लिहू का?

थरकरी
नको. पाणी खोल झालं (बारीक चिखल) आणि मग उथळ झालं (तिरपे थर, वाळू), एवढंच लॉगमधून निघतं. पातळी चढत असतानाही, गाळाला साठायला तयार होणाऱ्या जागेपेक्षा जास्त गाळ आला की तळ वर येतो आणि किनारा समुद्राकडे सरकतो. शिवाय नर्मदेचं खोरं खचदरीचं, त्यामुळे तळ किती खचला हेही धरावं लागतं. पातळी खरंच उतरली असेल तर दोन चुनखडींच्या सीमेवर काहीतरी सापडायला हवं: झीज, मुळांच्या खुणा, माती झालेला पट्टा, किंवा मधले टप्पे गाळून खोल थरावर थेट बसलेला उथळ थर.

भिंगवाला
सीमेचा अर्धा मीटर १:१० ने पुन्हा काढा, आधी ब्रशने साफ करून. गाठींच्या खडबडीत पृष्ठाला झीज समजण्याची चूक इथे हमखास होते. खरी झीज खालच्या थरातली कवचं आडवी कापत जाते. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल जवळ ठेवा. चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट भुकटी केल्यावर. कोरलाइनमधले तुकडे बहुतेक ब्रायोझोआंचे (वसाहतीने राहणाऱ्या, प्रवाळासारख्या दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) असतात, प्रवाळभित्ती धरून खोली काढू नका.

गेरू
माती, मुळं काही नाही. बिळं आहेत, कडा धारदार, आत वरच्या थरातली वाळू.

भिंगवाला
मग वाळू येण्याआधीच तळ घट्ट झाला होता, म्हणजे काही काळ गाळ साठत नव्हता. असा कठीण तळ खोल पाण्यातही बनतो. त्यावरून पातळी उतरली म्हणता येत नाही.

कालखंड
आणखी दोन गोष्टी. वाल्थरचा नियम (१८९४), म्हणजे शेजारी-शेजारी साठणारे गाळच एकावर एक सापडतात, हा सलग थरांनाच लागतो. वर लमेटा (बाघच्या वरचा थर) दिसला तर तो नियम तिथे लावू नका; लमेटा मास्ट्रिक्टियनमधला (क्रेटेशियसच्या शेवटच्या टप्प्यातला) आणि जमिनीवरचा, मध्ये कोटीहून जास्त वर्षांचा खंड आहे.

दुसरं, पातळीबद्दल बोलायचंच असेल तर दुसऱ्या खोऱ्याशी ताडा, उदाहरणार्थ तमिळनाडूतल्या अरियलूरशी, आणि तेही अमोनाइट विभागांवरून (ठराविक अमोनाइट जातींनी ओळखल्या जाणाऱ्या कालपट्ट्यांवरून). वालुकाश्माला वालुकाश्म जोडलं की फसगत ठरलेली: समुद्र पश्चिमेकडून आत आला, त्यामुळे तोच थर पूर्वेला नवा असू शकतो. सेनोमेनियन-तुरोनियनमध्ये (क्रेटेशियसच्या मधल्या दोन टप्प्यांत) जगभर पातळी फार उंच होती, म्हणून निमाड ते गाठाळ हा चढ जागतिक मानायला माझी हरकत नाही. वरच्या उथळपणासाठी मात्र 'कारण अनिश्चित' लिहा आणि बिळांचा फोटो स्केलसकट जोडा.