इमॅजिन सॉफ्टवेअर कशाने बुडाली: पायरसीने की स्वतःच्या जाहिरातींनी?

ताळेबंद (मूळ लेखन)
घरगुती संगणकांसाठी कॅसेटवर खेळ विकणाऱ्या लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअरचा विषय निघाला की कॅसेटींच्या चोरट्या नकलांनी एका गुणी कंपनीचा बळी घेतला, असे हमखास ऐकू येते. हे मला पटत नाही. बग-बाइट या खेळ-कंपनीतून बाहेर पडलेल्या मार्क बटलर आणि डेव्हिड लॉसन यांनी १९८२ साली ही कंपनी काढली आणि 'आर्केडिया' हा पहिलाच खेळ इतका चालला की महागड्या मोटारी आणि यूजीन इव्हान्स हा किशोरवयीन प्रोग्रॅमर वर्षाला ३५,००० पौंड मिळवतो अशा बातम्या, हीच थोड्याच काळात तिची ओळख होऊन बसली. ९ जुलै १९८४ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला, तोही जाहिरातींचे पैसे थकल्यामुळे एका मासिक-प्रकाशकाने केलेल्या अर्जावरून. बीबीसीचे चित्रीकरण पथक यशोगाथा टिपायला गेले होते. त्याला जप्तीवाले टिपावे लागले.

कॅसेटवाला
आपले विवेचन एकांगी वाटते. खेळाची कॅसेट साधारण साडेपाच पौंडांना मिळे, गिऱ्हाईक प्रामुख्याने शाळकरी मुले, आणि नक्कल करायला दोन टेपरेकॉर्डर व एक वायर पुरे. एका वर्गात एकाने विकत घ्यायची आणि उरलेल्यांनी उतरवून घ्यायची, हा तिथला रोजचा व्यवहार होता. 'बँडरस्नॅच' आणि 'सायक्लॅप्स' या महाखेळांची कल्पना मला म्हणूनच वेडगळ वाटत नाही. कॅसेटीबरोबर संगणकाच्या मागे जोडायचे एक उपकरण द्यायचे, त्याने अपुरी मेमरी वाढेल आणि नक्कलही अडेल, असा तो विचार होता. दुखणे ओळखून शोधलेल्या औषधाला आपण उधळपट्टी म्हणत आहात.

ताळेबंद
औषधाची किंमत चाळीस पौंडांच्या घरात होती, हे आपण सांगितले नाही. साडेपाच पौंड ज्याला जड जातात, तो मुलगा चाळीस कुठून आणणार? शिवाय खेळ तयार नसताना प्रोग्रॅमरांचे फोटो छापून पानपानभर जाहिराती आधीच सुरू झाल्या होत्या. 'बाजारात तुरी' म्हणतात ते हेच. १९८३च्या नाताळात प्रतिस्पर्ध्यांना जागा उरू नये म्हणून कॅसेट छपाईची क्षमता आगाऊ अडवून ठेवली आणि मग न खपलेला माल गळ्यात पडला, असेही सांगितले जाते. नकलांचा त्रास मँचेस्टरच्या ओशन या खेळ-कंपनीलाही तेवढाच होता. ती टिकली, इतकेच नव्हे, तर इमॅजिनचे नाव विकत घेऊन आर्केड (नाणे टाकून खेळायच्या) खेळांच्या घरगुती आवृत्त्या त्या नावाने विकत राहिली.

मर्सीकाठ
दोघांच्याही हिशेबात मार्शल कॅव्हेंडिश आलेले नाही. त्या प्रकाशनसंस्थेसाठी खेळ तयार करून देण्याचा मोठा करार झाला होता. त्या भरवशावर माणसे आणि खर्च वाढले, आणि करार मोडल्यावर ते कमी करायला उसंत मिळाली नाही. पण कंपनी बुडाली म्हणून तिचे काम बुडाले, असे मी म्हणणार नाही. तिथल्याच मंडळींनी डेंटन डिझाइन्स ही खेळ-कंपनी उभी केली, आणि लॉसन व इयन हेदरिंग्टन यांच्या सहभागातून सिग्नोसिस निघाली, जी १९९३ साली सोनीने विकत घेतली. उद्याच्या यंत्रांसाठी भव्य खेळ करायचे, ही दृष्टी बरोबरच होती. फक्त स्पेक्ट्रम या तेव्हाच्या घरगुती संगणकाच्या ४८ किलोबाइट मेमरीत ती मावत नव्हती. (लिव्हरपूलमध्ये त्या काळी तरुणांना इतर काम किती मिळत होते, हेही उधळपट्टीवर हसताना आठवावे.)

ताळेबंद
कराराचा मुद्दा मान्य. तो मी सोडायला नको होता. दृष्टीचा मात्र नाही. 'बँडरस्नॅच'च्या कल्पना पुढे सिग्नोसिसच्या 'ब्राटाकस' या खेळात उतरल्या आणि तो अटारी एसटी, अमिगा यांसारख्या दसपट मेमरीच्या यंत्रांवर १९८६च्या सुमारास आला. चित्रे देखणी होती, पण पात्र हवे तसे चालवता येत नाही अशी तक्रार झाली. अडचण ४८ किलोबाइटचीच होती, तर ती सुटल्यावर खेळ खेळण्याजोगा का झाला नाही?

कॅसेटवाला
कारण तो अर्धवट राहिलेल्या कामावरून, मोजक्या माणसांनी, नव्या यंत्रावर पुन्हा उभा केलेला होता. एका 'ब्राटाकस'वरून निकाल देणे घाईचे आहे. सिग्नोसिसचाच 'वाइपआउट' हा खेळ १९९५ साली आला, तोही लिव्हरपूलमधूनच.