राज्यपालनियुक्त आमदाराची जागा मध्येच रिकामी झाली, तर नव्या सदस्याला किती कार्यकाळ मिळतो?

प्रश्न
मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 12 जागांवर राज्यपाल साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतील व्यक्तींची नियुक्ती करतात, हे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, यांपैकी एखाद्याने मध्येच राजीनामा दिला, तर त्याच्या जागी येणाऱ्याला पूर्ण सहा वर्षे मिळतात की उरलेलाच काळ? शिवाय ती जागा किती दिवसांत भरावी लागते? मला खात्रीचे उत्तर देता आले नाही. तरतुदींसह कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद 1
पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 156 नुसार मध्येच रिकाम्या झालेल्या जागेवर आलेला सदस्य आधीच्या सदस्याचा उरलेला काळच पूर्ण करतो. राज्यसभेसाठी हीच तरतूद कलम 154 मध्ये आहे. स्वपन दासगुप्ता यांनी बंगालची विधानसभा निवडणूक लढवण्यासाठी मार्च 2021 मध्ये राज्यसभेच्या नामनिर्देशित जागेचा राजीनामा दिला. जूनमध्ये राष्ट्रपतींनी त्यांनाच त्या जागेवर पुन्हा नेमले, पण एप्रिल 2022 पर्यंतच, कारण मूळ मुदत तेव्हा संपत होती.

आपल्याकडे 2020 साली याच नियमामुळे पेच निर्माण झाला. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले तेव्हा कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते आणि संविधानाच्या अनुच्छेद 164 प्रमाणे सहा महिन्यांत, म्हणजे मे अखेरीपूर्वी, त्यांना सदस्य होणे भाग होते. करोनामुळे परिषदेची निवडणूक पुढे गेली होती, म्हणून मंत्रिमंडळाने 9 एप्रिलला राज्यपालनियुक्त रिक्त जागेवर त्यांची शिफारस केली. त्या जागेची मुदत जूनमध्येच संपणार असल्याने इतक्या थोड्या काळासाठी नियुक्ती करावी का, यावर बराच वाद झाला. शेवटी राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिले, निवडणूक जाहीर झाली आणि ठाकरे बिनविरोध निवडून आले.

प्रतिसाद 2
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र समाधानकारक नाही. निवडून आलेल्या सदस्याची जागा रिकामी झाली, तर कलम 151-अ प्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. मुदत एका वर्षाहून कमी उरली असेल किंवा आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून अडचण प्रमाणित केली असेल, तरच सवलत मिळते. नियुक्तीच्या जागांना ही कालमर्यादा लागू नाही. जून 2020 मध्ये सर्व बारा जागांची मुदत संपली आणि नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने बारा नावे राज्यपालांकडे पाठवली, परंतु त्यांवर निर्णयच झाला नाही. राज्यपालांनी शिफारस वाजवी कालावधीत स्वीकारावी किंवा परत पाठवावी आणि आठ महिने हा त्याहून अधिक काळ आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 2021 रोजी म्हटले. मात्र अनुच्छेद 361 च्या संरक्षणामुळे राज्यपालांना आदेश देता येत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. कर्तव्य आहे पण मुदत नाही, ही स्थिती मला फार चुकीची वाटते. पुढे सरकार बदलले आणि सप्टेंबर 2022 मध्ये ती यादीच मागे घेतली गेली.

प्रतिसाद 3
जागा रिकामी असली तरी सभागृहाचे कामकाज अनुच्छेद 189 मुळे वैध ठरते. त्यामुळे कोणालाही घाई वाटत नाही आणि नुकसान होते ते त्या क्षेत्रांचे, ज्यांचा आवाज सभागृहात यावा म्हणून या जागा ठेवल्या आहेत. मुदतीची तरतूद संसदेने याच अधिनियमात करावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. 15 ऑक्टोबर 2024 रोजी, विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, बारापैकी सातच सदस्यांचा शपथविधी झाला. मग उरलेल्या पाच जागांवर नंतर येणाऱ्यांनाही या सातांबरोबरच निवृत्त व्हावे लागेल का?

प्रतिसाद 1
नाही. या जागा मध्येच रिकाम्या झालेल्या नाहीत. आधीच्या सदस्यांची मुदत पूर्ण झाली होती. त्यामुळे प्रत्येकाची सहा वर्षे त्याच्या स्वतःच्या नियुक्तीपासून मोजली जातील आणि बाराही जण एकाच वेळी निवृत्त होणार नाहीत.