आयव्हीएफचा खर्च: तुम्ही पैसा कसा उभा केलात? (अनुभव धागा)

आयव्हीएफ (शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडणं) आणि मूल होण्यासाठीच्या इतर उपचारांबद्दल आता आपल्यात बरंच मोकळेपणाने बोललं जातं. डॉक्टर कोण, इंजेक्शन दुखतं का, ट्रान्स्फरनंतर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर, किती आराम करायचा, सगळं विचारलं जातं. पैशाचं मात्र कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. आम्ही पुण्यात उपचार सुरू केले तेव्हा 'पॅकेज दीड लाख' एवढंच कानावर आलं होतं. प्रत्यक्षात इंजेक्शनं, भूल, भ्रूण गोठवणं, नंतरचं फ्रोझन ट्रान्स्फर हे सगळं वेगळं लागलं आणि एकाच सायकलचा (उपचाराच्या एका फेरीचा) हिशेब अडीच लाखांच्या पुढे गेला. ट्रान्स्फर यशस्वी झालं नाही, तेव्हा पुन्हा तेवढाच पैसा कुठून आणायचा यावर आम्ही दोघं पहिल्यांदा बोलायला बसलो. ते बोलणं सुरुवातीलाच व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा. शहर, रक्कम, पैसा कसा जमवला ते लिहा. रुग्णालयाचं आणि स्वतःचं नाव नको.

सांगली
मी वही केली होती. सर्वांत मोठा आकडा इंजेक्शनांचा निघाला. सुरुवातीचा डोस ठरलेला होता, पण सोनोग्राफीत फॉलिकल्स (स्त्रीबीजांच्या पिशव्या) हळू वाढताना दिसल्यावर डोस वाढवला आणि रोजचा खर्चही वाढला. पॅकेजच्या कागदावर याबद्दल एक अक्षर नव्हतं. इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात, म्हणून मिरजेहून बर्फाच्या डब्यात घालून एसटीने आणायचे, डबा मांडीवर. मग मीच डॉक्टरांना विचारलं, यापेक्षा स्वस्त काही नाही का? त्यांनी त्याच कामाची, एचएमजी हार्मोनची इंजेक्शनं लिहून दिली. पेनमधल्या महाग एफएसएच हार्मोनपेक्षा ती बरीच कमी किमतीत पडली, आणि माझ्या बाबतीत निकालात फारसा फरक पडणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. विचारलं नसतं तर कळलंही नसतं.

पैसा: माझ्या पाटल्या सोनेतारण ठेवल्या. पर्सनल लोनपेक्षा व्याज कमी पडलं. क्लिनिकमध्ये बिनव्याजी हप्त्यांची सोय होती, पण हप्ते घेतले की रोख भरल्यावर मिळणारी सूट जात होती. म्हणजे व्याज होतंच, फक्त दिसत नव्हतं.

नागपूर
यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. सीजीएचएसमधून (केंद्राची आरोग्य योजना) आयव्हीएफचा खर्च मिळतो, हे ऑफिसातल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. २०११ च्या आदेशानुसार एका सायकलला जास्तीत जास्त ६५,००० रुपये, अशा तीन सायकलींपर्यंत. आधी परवानगी घ्यावी लागते आणि त्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागप्रमुखांचा सल्ला लागतो. पत्नीच्या वयाची अट आहे, २१ ते ३९. त्यामुळे फाईल लवकर हलवा. आमची मंजूर झाली. पूर्ण खर्च निघत नाही, पण मोठा आधार होतो.

ठाणे
नागपूरच्या ताई, खासगी नोकरीतल्यांचं उलटं आहे. आपण स्वतः घेतो त्या मेडिक्लेममध्ये बहुधा आयव्हीएफ नसतं. पॉलिसीच्या कागदात 'एक्सक्लूजन १७' शोधा, वंध्यत्व आणि आयव्हीएफ, इक्सी (स्त्रीबीजात थेट शुक्राणू सोडणं) वगैरे त्यात वगळलेलं असतं. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत मात्र मातृत्वाच्या रकान्याखाली ५०,००० ची मर्यादा होती. एचआरला विचारायला मला फार संकोच वाटला, म्हणून ईमेल केलं. दोन ओळींत उत्तर आलं. नवरा-बायको दोघांच्याही कंपन्यांच्या पॉलिसी तपासा.

नाशिक, शिक्षिका
माझी पाळी अगदी कमी झाली होती. पहिल्याच भेटीत थेट आयव्हीएफचा आकडा सांगितला. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला आणि टीबी निघाला. गर्भाशयाचा, नळ्यांचा टीबी आपल्याकडे वंध्यत्वाचं नेहमीचं कारण आहे, खोकला-ताप काही नसताना. औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळाली. नळ्या खराब झाल्याच होत्या, त्यामुळे पुढे आयव्हीएफ करावंच लागलं. पण टीबी अंगात असताना ते केलं असतं तर सगळा पैसा पाण्यात गेला असता.

कोल्हापूर
पुरुष म्हणून लिहितो. कितीतरी महिने बायकोच्याच तपासण्या चालल्या होत्या. माझी वीर्य तपासणी करायला कोणी सांगितलंच नाही, आणि घरात तो विषय काढायचीच चोरी. ती तपासणी सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपी. दोष माझ्यात निघाला. भावांनो, पहिल्या आठवड्यात स्वतः जा.

धागाकर्ती
सांगलीच्या ताईंचं वाचून एक सांगते. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार क्लिनिकची नोंदणी बंधनकारक आहे, आणि यशाची शक्यता, धोके आणि खर्च जोडप्याला समजावून सांगणं ही क्लिनिकची जबाबदारी आहे. तक्रार कक्षही असावाच लागतो. त्यामुळे पहिल्या इंजेक्शनच्या आधी सगळे आकडे कागदावर मागताना बिचकू नका. गोठवलेल्या भ्रूणांचं वार्षिक शुल्कही त्यात लिहून घ्या.

फोंडा
गोव्यात राहणाऱ्यांसाठी: बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) २०२३ पासून आयव्हीएफ आणि आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) मोफत सुरू झालं आहे. माझी बहीण तिथेच जाते. खासगीचा आकडा ऐकून तिने आशाच सोडली होती.

इंग्लंड
आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर. व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेची फी) भरतो, २०२४ पासून माणशी वर्षाला १,०३५ पौंड. तरी आयव्हीएफ त्यात येत नाही, २०१७ मध्येच वगळलंय. जीपीकडे (इथले फॅमिली डॉक्टर) गेल्यावर हे कळलं. शेवटी पुण्यात उपचार घ्यायचं ठरवलं. विमानाचं भाडं आणि बिनपगारी रजा धरूनही इथल्या खासगी दरापेक्षा कमी पडलं. इथल्या एचएफईए या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर मात्र जरूर जा. आयव्हीएफसोबत सुचवल्या जाणाऱ्या जादा गोष्टींना किती पुरावा आहे, हे तिथे रंग देऊन दाखवलं आहे. पुण्यात जे जे जादा सुचवलं, ते मी आधी तिथे पाहिलं आणि त्यातलं बरंचसं नाकारलं.

लातूर
आम्ही थांबलो. शेत विकायचं नाही, हे पहिल्या दिवशीच दोघांनी ठरवलं होतं. सासरे म्हणाले, एकर काढू. नवऱ्याने नाही म्हटलं आणि मी त्याच्या बाजूने उभी राहिले. वाईट वाटतं, रोज वाटतं. पण कर्ज नाही आणि आमच्यात भांडण नाही. इथे फक्त यश आलेल्यांनीच लिहू नये, म्हणून लिहिलं.

जळगाव
लातूरच्या ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मलाही धीर आला. आमचं अजून सुरू व्हायचंय, हातात ८०,००० आहेत. इथे सुरुवात करावी की थांबावं?

धागाकर्ती
जळगावच्या ताई, खासगीत ८०,००० मध्ये सायकल अर्ध्यावर अडकायची भीती आहे. मुंबईच्या कामा रुग्णालयात २०२४ मध्ये सरकारी आयव्हीएफ केंद्र सुरू झालंय, आधी तिथे बाह्यरुग्ण विभागात दोघांनी जाऊन या. सगळे जुने रिपोर्ट, हिस्टेरोची (नळ्यांच्या एक्स-रेची) फिल्म आणि यजमानांची तपासणी सोबत न्या. तुमचं वय आणि एएमएच (स्त्रीबीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) किती आहे? वय पस्तिशीच्या पुढे असेल तर पैसे साठवण्यात वर्ष घालवू नका.