घराभोवती येणाऱ्या अस्वलाच्या बंदोबस्तासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आमचे घर जंगलाला लागून असून गेल्या पंधरवड्यात अस्वल तीनदा रात्री अंगणात येऊन गेले. पहिल्यांदा कचऱ्याचा डबा आडवा पडलेला दिसला तेव्हा आम्ही कुत्र्यावर संशय घेतला. पण ओल्या मातीत माणसाच्या अनवाणी पावलासारखा, मात्र पुढे नखांच्या खुणा असलेला ठसा पाहिल्यावर शंका उरली नाही. अस्वलाचे नाक फार तीक्ष्ण असते आणि एकदा खाणे मिळाले की ते त्याच जागी परत येते, हे ठाऊक असल्यामुळे डबा आता घरात घेतो, झाडाखालची फळे रोज उचलतो आणि पक्ष्यांसाठी टांगलेले दाणेही (मुलांची नाराजी पत्करून) उतरवले आहेत. तरीही परवा ते मधमाश्यांच्या पेट्यांपर्यंत पोहोचलेच.

पेट्यांभोवती विजेचे कुंपण घालण्याचा विचार आहे. दाट केसांमुळे अंगाला झटका नीट बसत नाही, तो नाकाला किंवा पंजाला बसावा लागतो. तेव्हा सर्वांत खालची तार किती उंचीवर ठेवावी आणि जमीन कोरडी असताना अर्थिंग कसे करावे? वन विभागाला कळवले आहेच. सापळा किंवा विष यांचे सल्ले कृपया नकोत. स्वतः कुंपण बसवलेल्यांनी अनुभव सांगावा.