स्वर्गात ओळख राहते का, आणि बायको पहिली की दुसरी? अभ्यासवर्गासाठी वचनं हवीत

रविवारशाळा:
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मंडळीच्या अभ्यासवर्गाचा पुढचा विषय 'मरणानंतर' असा आहे. वेळ एक तास, माणसं बारा-पंधरा, त्यांत दोघी-तिघी माहेरच्या कॅथलिक. चिठ्ठ्यांवर तीन प्रश्न आधीच आलेत. आपली माणसं तिथे ओळखू येतील का? विधुराने दुसरं लग्न केलं तर पुनरुत्थानात त्याची बायको कोणती? आणि गेलेल्यांना इथलं काही कळतं का? लूक १६ मधला श्रीमंत माणूस आणि लाजर घेऊन तिन्हींची उत्तरं द्यावीत असा विचार आहे. जमेल का? वचनांचा क्रम काय ठेवावा?

जुनाकरार:
लूक १६ ने सुरुवात करू नका, वर्ग तिथेच अडकतो. श्रीमंत माणूस अधोलोकातून लाजराला ओळखतो, घरच्या पाच भावांची काळजी करतो, म्हणजे ओळख आणि आठवण दोन्ही शाबूत, हे खरं. पण हा दाखला की घडलेली हकिकत, यावरच वाद सुरू होतो आणि अर्धा तास जातो. गोष्टीचा रोख तर ३१व्या वचनात आहे: मोशे आणि संदेष्टे यांचं ऐकत नसतील तर मेलेल्यांतून कोणी उठला तरी ते मानणार नाहीत. परलोकाचा नकाशा देणं हा तिचा उद्देशच नाही.

त्याऐवजी फळ्यावर एक आडवी रेघ ओढा. तिच्यावर तीन खुणा: मरण, मधला काळ, पुनरुत्थान. कुठलंही वचन वाचलं की आधी विचारायचं, हे रेघेवर कुठे बसतं? या विषयातले बहुतेक घोळ मधल्या काळाचं वचन पुनरुत्थानाला आणि पुनरुत्थानाचं मधल्या काळाला चिकटवल्याने होतात. तुमचा तिसरा प्रश्न मधल्या काळाचा, दुसरा पुनरुत्थानानंतरचा. पहिला दोन्हीकडचा आहे, म्हणून तो शेवटी घ्या.

लग्नाच्या प्रश्नापासून सुरुवात करा, कारण त्यावर येशूचं थेट उत्तर आहे: मत्तय २२:२३-३३, जोडीला लूक २०:२७-४०. सदूकी हा यहुद्यांतला पंथ पुनरुत्थान मानतच नव्हता. सात भावांची एकच बायको हे त्यांनी थट्टेसाठी रचलेलं कोडं. त्याच्या मुळाशी अनुवाद २५:५-६ चा नियम आहे: भाऊ निपुत्रिक मेला तर दुसऱ्याने त्याच्या विधवेशी लग्न करायचं, म्हणजे मेलेल्याचं नाव पुसलं जात नाही. हा नियम आधी वाचून घेतला नाही तर कोडं कळतच नाही. येशूचं उत्तर असं की पुनरुत्थानात लग्न करणं नाही की करून देणं नाही. लूक २०:३६ कारणही देतं: ते पुढे मरणार नाहीत. मरण नाही तर वंश चालवण्याची गरज नाही, आणि ज्या गरजेवर कोडं उभं होतं तीच गेली.

म्हणून विधुराला उत्तर असं: दोघींपैकी एक निवडायची वेळच येत नाही. लग्नाचं बंधन मरणापाशी सुटतं (रोम ७:२, १ करिंथ ७:३९), म्हणूनच दुसरं लग्न व्यभिचार ठरत नाही. इथे दोन चुका हमखास होतात. एक, येशूच्या याच उत्तरातल्या 'देवदूतांसारखे' या शब्दाचा अर्थ माणसं देवदूत होतात असा लावला जातो. 'देवाला आणखी एक देवदूत हवा होता' हे सांत्वनाच्या पत्रांतलं वाक्य त्यातूनच आलेलं, आणि ते चुकीचं आहे; १ करिंथ १५:३५-४४ मध्ये पौल उठवलेल्या शरीराबद्दल बोलतो. दुसरी चूक, लग्न नाही म्हणजे ओळखही नाही, असं सांगून टाकणं. मत्तय २२ मध्ये ओळखीबद्दल अवाक्षर नाही.

ओळखीबद्दल 'होय, ओळखाल' असं सरळ सांगणारं एकही वचन नाही. ते अनुमान आहे, आणि वर्गात तसंच सांगा. आधार असे: मूल गेल्यावर दावीद म्हणतो, मी त्याच्याकडे जाईन (२ शमुवेल १२:२३). अनुमान म्हणूनही हे थोडं लंगडं, कारण 'मीही कबरेत जाईन' एवढाच अर्थ निघू शकतो. १ थेस्सल ४:१३-१८ भक्कम आहे. तिथे पौल शोक करणाऱ्यांना 'त्यांच्याबरोबर', म्हणजे गेलेल्यांबरोबर, घेतले जाल असं सांगून धीर देतो. ओळखच नसेल तर तो धीर पोकळ ठरतो. पुनरुत्थित येशूला मरीया मग्दालीया आधी माळी समजते आणि नावाने हाक मारल्यावर ओळखते (योहान २०:१४-१६), हेही घ्या. शरीर तेच, पण ओळख पटायला वेळ लागतो.

१ करिंथ १३:१२ जपून वापरा. 'तेव्हा पूर्णपणे कळेल' म्हणजे माणूस सर्वज्ञ होईल असं नव्हे. सर्वज्ञ एकटा देव.

वसईकर:
कॅथलिक बाजू नीट मांडली नाही तर त्या दोघी-तिघी गप्प बसतील, म्हणून थोडं लिहितो. लग्नाबाबत फरक नाही. कॅनन कायद्याच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) ११४१व्या कलमानुसारही पूर्ण झालेला ख्रिस्ती विवाह मोडतो तो फक्त मरणाने. फरक आहे तो मधल्या काळात.

मृतांना इथलं कळतं का, यावर संत ऑगस्टीन यांनी सुमारे ४२१ साली पावलिनस या बिशपांना सविस्तर उत्तर लिहिलं. विचारणा साधी होती: संताच्या स्मारकाजवळ पुरल्याने मेलेल्याला फायदा होतो का? ऑगस्टीन म्हणतात, मेलेल्यांना आपोआप इथलं कळत असतं तर माझी आई एकही रात्र मला भेटायला यायची राहिली नसती. जिवंतपणी ती समुद्र ओलांडून माझ्यामागे आली होती. मग ते मेलेल्यांना इथलं कळण्याच्या तीन वाटा सांगतात: नंतर मरून तिकडे जाणाऱ्यांकडून, देवदूतांकडून, किंवा देवाने प्रकट केल्यामुळे, आणि तेही जेवढं कळायला हवं तेवढंच. विषय समजवायला याहून चांगला उतारा नाही.

पुढे १३३१ पासून पोप बाविसावे जॉन प्रवचनांत सांगू लागले की शेवटच्या न्यायापर्यंत संतांना देवाचं पूर्ण दर्शन नाही. गदारोळ झाला आणि १३३४ मध्ये मरताना त्यांनी ते मत मागे घेतलं. त्यांच्यानंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये निकाल दिला: शुद्ध झालेले आत्मे पुनरुत्थानाआधीच देवाला समोरासमोर पाहतात. संत आपली प्रार्थना ऐकतात असं आम्ही मानतो ते याच आधारावर: स्वतःच्या शक्तीने नव्हे, देवदर्शनात देव दाखवतो म्हणून.

शुद्धिस्थानातल्यांसाठी (स्वर्गात जाण्याआधी जिथे आत्मे शुद्ध होतात, तिथल्यांसाठी) प्रार्थनेचा आधार २ मक्काबी १२:४३-४५. हा ग्रंथ तुमच्या पवित्र शास्त्रात नाही, हे वर्गात आधीच सांगा. नाहीतर पानं उलटण्यात वेळ जातो. १ ते ८ नोव्हेंबरदरम्यान स्मशानभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर पूर्ण दंडमाफी (पापाच्या उरलेल्या शिक्षेची माफी) मिळते, ती फक्त शुद्धिस्थानातल्यांना लावता येते, आणि कबुली, कम्युनियन व पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या अटींसह. याला मृतांशी 'बोलणं' म्हणू नका. मृतांना विचारणं आम्हालाही मनाच आहे (अनुवाद १८:१०-११).

पुणेकर_वाचक:
उपदेशक ९:५ कोणीतरी काढणारच: 'मेलेल्यांना काहीच कळत नाही.' ॲडव्हेंटिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ हेच वचन आणि योहान ११:११ (लाजर झोपला आहे; हा लूक १६ मधला लाजर नव्हे) धरून मधला काळ म्हणजे बेशुद्ध झोप असं शिकवतो. त्यांच्या मते तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही', पण पुनरुत्थानात ओळख ते मानतात. विरुद्ध बाजूला लूक २३:४३ (आज सुखलोकात) आणि प्रकटीकरण ६:९-११. तिथे वेदीखालचे आत्मे 'कुठवर?' असं ओरडतात, म्हणजे पृथ्वीवर न्याय अजून झालेला नाही एवढं तरी त्यांना ठाऊक आहे. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विननेही आत्म्याच्या झोपेविरुद्ध तरुणपणीच ग्रंथ लिहिला होता. इब्री १२:१ चे साक्षीदार मात्र या यादीत घालू नका. अध्याय ११ वाचला की दिसतं, ते विश्वासाची साक्ष देणारे आहेत, गॅलरीत बसलेले प्रेक्षक नव्हेत.

रविवारशाळा:
रेघेची कल्पना घेतो. आपलं माणूस तिथे नसेल तर सुख कसं, असं कोणी विचारलं तर?

जुनाकरार:
विचारतीलच. यशया ६५:१७ (पूर्वीच्या गोष्टी आठवणार नाहीत) इथे फेकलं जातं, पण तिथे आधीच्या वचनात 'पूर्वीची संकटं' असा संदर्भ आहे. माणसं विसरायला लावण्याबद्दल ते नाही. प्रकटीकरण २१:४ वाचा: अश्रू देव पुसतो. कसं ते सांगितलेलं नाही, तिथेच थांबा. आणि अमुक माणूस कुठे आहे हे वर्गाने ठरवायचं नाही.

वेळ अशी वाटा: लग्नाला वीस मिनिटं, मधल्या काळाला पंचवीस, ओळखीला पंधरा. चिठ्ठ्या निनावी राहू द्या आणि विधुराचा प्रश्न वाचताना समोर कोणाकडे पाहू नका. दुसरं लग्न झालेलं एखादं जोडपं वर्गात असतंच.